पारा पाच अंशांवर, पानावर मात्र बर्फ

जानेवारीत एखाद्या सकाळी महाबळेश्वर गावात पारा सात-आठ अंशांवर असतो आणि त्याच पहाटे वेण्णा तलावाच्या काठी, लिंगमळ्याच्या बाजूला, गवतावर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर दवाचे थेंब गोठून पांढरे झालेले असतात. वाचणाऱ्याला वाटतं, यातली एक बातमी चुकीची असणार. दोन्ही खऱ्या असतात. हवामान केंद्राचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो. त्याला आभाळ दिसत नाही. वांग्याचं रोप असतं जमिनीपासून वीतभर उंचीवर, थेट आभाळाखाली. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री त्याची पानं आपली उष्णता वर टाकत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. पेटीतला आकडा आणि पानाचं तापमान यांत अशा रात्री तीन ते पाच अंशांचा फरक सहज पडतो. पुण्यात १९३५ च्या जानेवारीत १.७ अंशांची नोंद आहे. पेटीत १.७ म्हणजे त्या रात्री उघड्या गवतावर शून्याखालीच गेलं असणार.

तेव्हा परसबागेपुरतं एवढं धरून चालायचं की भाजी जाते ती उघड्या आभाळामुळे. गार वारा बोचतो म्हणून आपण त्याला दोष देतो, पण वारा चालू असला तर वरची त्यातल्या त्यात उबदार हवा खाली मिसळत राहते आणि दंव गोठत नाही. दिवसभर जमिनीने घेतलेली ऊब रात्री वर निसटू द्यायची नाही, सगळे उपाय त्यासाठीच. हे डोक्यात बसलं की कामाचा उपाय कोणता आणि नुसता खटाटोप कोणता, ते लगेच कळतं.

आपल्याकडे ही वेळ वर्षातून दोन-चार रात्रीच येते, आणि म्हणूनच नुकसान जास्त होतं, कारण तयारी नसते. महाबळेश्वर-पाचगणीचं पठार, नाशिककडे निफाड-दिंडोरी, सातपुड्यात तोरणमाळ आणि डाब, मेळघाटात चिखलदरा ही नेहमीची ठिकाणं. पण ओढ्याकाठची, खोलगट जागेतली परसबाग कुठल्याही तालुक्यात असली तरी तिला धोका आहेच. डिसेंबरची अखेर ते फेब्रुवारीचा मध्य एवढा काळ सावध राहायचं.

धोक्याची रात्र कशी ओळखायची

उत्तरेकडचा बोचरा वारा दोन दिवस वाहतो आणि मग संध्याकाळी अचानक पडतो, ती रात्र वाईट. आभाळ लख्ख, चांदण्या ठसठशीत. कोणी पेटवलेल्या शेकोटीचा धूर वर न जाता दहा-पंधरा फुटांवर चादरीसारखा आडवा पसरतो. याचा अर्थ गार हवा खाली बसली आहे आणि तिच्यावर उबदार हवेचा थर आहे. मोबाइलवरचा अंदाज सहा अंश किंवा त्याखाली असेल आणि ही लक्षणं असतील, तर झाकायचंच. अंदाज चार अंशांचा आहे पण ढग आहेत किंवा वारा चालू आहे, तर बहुतेक वेळा निभावतं.

हवेतला ओलावाही पाहा. संध्याकाळी आठ-नऊलाच पानांवर दव दाटलं तर ती तशी चांगली खूण आहे. वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि पारा उतरायचा वेग मंदावतो. हवा कोरडी ठक्क असेल, रात्री दहा वाजेपर्यंत गवत कोरडंच असेल, तर पारा सरसर खाली जातो. अशा रात्री सकाळी पांढरं काहीच दिसत नाही, आणि दुपारी पानं काळी पडलेली आढळतात. लोक मग त्याला रोग समजून औषध फवारतात.

दोनशे-तीनशे रुपयांचा कमाल-किमान तापमापक घ्या आणि वाफ्यातच, रोपाच्या शेंड्याच्या उंचीवर, उघड्यावर लावा. आठवडाभर त्याचा किमान आकडा आणि मोबाइलवरचा आकडा शेजारी शेजारी लिहा. तुमच्या बागेचा फरक किती, तीन की पाच, हे त्यातून कळेल. पुढची सगळी गणितं त्या फरकावर करायची.

थंड हवा पाण्यासारखी वागते

गार हवा जड असते. ती उतारावरून हळूहळू खाली येते आणि सखल जागेत साचते. बांधापलीकडचा वाफा करपला आणि वरचा वाचला, असं दिसतं ते यामुळे. बागेच्या खालच्या अंगाला दाट मेंदीचं कुंपण किंवा सलग भिंत असेल तर ती हवा आतच अडते. कुंपणात खालच्या बाजूला दीड-दोन फुटांची फट ठेवली तर पाणी वाहून जावं तशी ती निघून जाते. वरच्या अंगाला मात्र कुंपण दाट हवं.

मिरची, टोमॅटो, वांगी यांची रोपं दक्षिणेला किंवा पश्चिमेला तोंड असलेल्या भिंतीलगत लावा. काळ्या दगडाची भिंत दुपारचं ऊन पिऊन घेते आणि मध्यरात्रीपर्यंत ऊब देत राहते. आंब्याच्या किंवा चिकूच्या फांद्यांखाली, जिथे दुपारी चार-पाच तास ऊन मिळतं, तिथली रोपंही सहसा वाचतात. डोक्यावर आभाळ कमी दिसतं ना. कुंड्यांचंही तेच. थंडीची रात्र असली की त्या छज्जाखाली, भिंतीला टेकवून, एकमेकींना चिकटवून ठेवायच्या.

माती उघडी, ओली आणि दबलेली

ही गोष्ट बऱ्याच जणांना पटत नाही. वाफ्यात पाचट किंवा गव्हाचं काड पसरलेलं असेल तर ते या दिवसांत बाजूला ओढून सरीत टाका. आच्छादन मातीला पांघरूण घालतं. दिवसा ऊन मातीत जाऊ देत नाही आणि रात्री मातीची ऊब रोपापर्यंत येऊ देत नाही. मुळं उबदार आणि शेंडा गोठलेला, अशी गत होते. लसूण, कांदा, गाजर यांना फरक पडत नाही, त्यांच्या वाफ्यातलं राहू द्या. टोमॅटो, वांगी, मिरची, घेवडा यांच्या वाफ्यातलं डिसेंबरच्या मध्यालाच काढा आणि फेब्रुवारीच्या अखेरीस परत घाला.

थंडीच्या लाटेच्या तोंडावर खुरपणी, कोळपणी टाळा. मोकळ्या केलेल्या मातीत हवेच्या पोकळ्या राहतात आणि हवा उष्णता वाहून नेत नाही, त्यामुळे खालची ऊब वर येत नाही. तण असेल तर विळ्याने कापा, माती हलवू नका.

आणि पाणी. ओली माती कोरड्या मातीपेक्षा दुपटीहून जास्त उष्णता साठवते, शिवाय ती लवकर वरही पोचवते. वरची फूटभर माती ओली हवी. १ मीटर रुंद आणि ३ मीटर लांब वाफ्याला त्यासाठी ७५ ते ९० लिटर पाणी लागतं, म्हणजे मोठ्या चार-पाच बादल्या. हे पाणी धोक्याच्या रात्रीच्या आदल्या दिवशी, निदान त्याच दिवशी सकाळी द्यायचं, म्हणजे दुपारचं ऊन त्या ओल्या मातीत मुरतं. संध्याकाळी पानांवरून झारीने पाणी घालणं ही मोठी चूक. पानावरचं पाणी सुकताना पानाचीच उष्णता घेऊन जातं.

पठारावर विहिरीचं किंवा बोअरचं पाणी जानेवारीतही बावीस-पंचवीस अंशांचं असतं. पहाटे चार-साडेचारला सरीतून ते मोकळं सोडलं तर रोपांच्या बुडाशी ऊब मिळते. टाकीत रात्रभर गार झालेल्या किंवा कालव्याच्या पाण्याने हा फायदा मिळत नाही. ठिबकवर बाग असेल तर पहाटेच्या थेंबाथेंबाचा उपयोग जवळजवळ नाही. त्याऐवजी आदल्या दिवशी दुप्पट वेळ ठिबक चालवा.

झाकणं: दोन जुन्या साड्यांचं गणित

सगळ्यांत भरवशाचा उपाय झाकण्याचा. क्रॉप कव्हरचं पांढरं पातळ कापड कृषी सेवा केंद्रात मिळतं. त्याची जाडी जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम यावर मोजतात. १७ जीएसएमचं एक-दोन अंश वाचवतं, २५ ते ३० जीएसएमचं दोन-तीन. घरच्या एक-दोन वाफ्यांसाठी जुन्या सुती साड्या तितक्याच कामाच्या.

वाफा १ मीटर रुंद, कमानीची उंची ६० सेंटिमीटर धरा. कमानीवरून अंतर होतं साधारण पावणेदोन मीटर. दोन्ही बाजूंना जमिनीवर २५-२५ सेंटिमीटर कापड पडायला हवं, म्हणजे सव्वादोन मीटर. पाचवारी साडीचा पन्हा सव्वा मीटरच्या आत-बाहेर असतो, तेव्हा दोन साड्या लांबीच्या कडेने एकमेकींना शिवल्या की काम भागतं. साडीची लांबी साडेपाच मीटर. ३ मीटरचा वाफा, शिवाय दोन्ही टोकं झाकायला नव्वद-नव्वद सेंटिमीटर, हे सगळं तिच्यात बसतं आणि वर हातभर उरतं. शिलाई जाड टाक्याची आणि दुहेरी घाला. भिजलेलं कापड जड होतं आणि शिवण तिथेच उसवते.

कमानींसाठी बांबूच्या कामट्या सात फुटी घ्या, दोन्ही टोकं वीतभर जमिनीत जातील अशा. ३ मीटरला चार कमानी, मीटर-मीटरवर. कामट्या आदल्या रात्री पाण्यात भिजत घातल्या तर वाकवताना मोडत नाहीत. कापड अडकू नये म्हणून गाठींवरची कुसळं विळ्याने खरवडून घ्या. कमानींच्या माथ्यावरून एक सुतळी या टोकाच्या खुंटीपासून त्या टोकाच्या खुंटीपर्यंत ताणून बांधा, प्रत्येक कमानीला एक वेढा देत. ती सुतळी नसेल तर पहाटे दवाने जड झालेलं कापड दोन कमानींच्या मधे झोळीसारखं खाली येतं आणि पानांवर टेकतं. जिथे टेकतं तिथलं पान जातं, कारण गोठलेल्या कापडातून गारठा थेट पानात उतरतो. शेंडा आणि कापड यांत चार बोटं तरी मोकळी हवीत.

कापडाच्या कडेवर विटा किंवा मातीचा भर सलग ठेवा, फट राहू देऊ नका. रोपाच्या डोक्यावर कापड टाकून खाली खोडाशी गाठ मारली, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. त्याने काही साधत नाही. ऊब जमिनीतून येते, आणि तिची वाटच गाठ मारून बंद झालेली असते. कापड तंबूसारखं जमिनीपर्यंत हवं.

वेळ फार महत्त्वाची. दुपारी साडेचार-पाचला, जमीन उबदार असताना झाका. रात्री नऊला आठवण झाली आणि तेव्हा झाकलं, तर निम्मी ऊब आधीच गेलेली असते. सकाळी ऊन वाफ्यावर आल्यावर, साडेआठ-नऊच्या सुमारास काढा. जाड कापड दिवसभर तसंच राहिलं तर जमीन तापत नाही, पुढच्या रात्री द्यायला तिच्याकडे काही उरत नाही, आणि मधमाश्याही फुलांपर्यंत पोचत नाहीत.

प्लास्टिकबद्दल स्पष्ट सांगायला हवं. पारदर्शक पॉलिथिनचा कागद रात्रीची उष्णता बऱ्याच प्रमाणात आरपार जाऊ देतो. नुसत्या कागदाखाली कोरड्या रात्री बाहेरच्यापेक्षा फार फरक पडत नाही, आणि पान कागदाला टेकलं की करपतंच. शिवाय सकाळी उठायला उशीर झाला तर अकरा वाजता आत रोपं उकडतात. पावसाची भुरभुर असेल तेव्हा कापड कोरडं ठेवायला कागद वरून टाका, तेवढाच त्याचा उपयोग. हिरव्या शेडनेटची एकेरी जाळी फार तर अंशभर मदत करते. ती दुहेरी करून कापडाच्या वर टाकली तर बरी.

काठ्यांवर चढवलेल्या पाच फुटी टोमॅटोला कमानी करता येत नाहीत. तिथे वरच्या तारेवरून दोन्ही बाजूंना पडद्यासारखं कापड सोडा आणि खाली दगड ठेवा. रंग धरू लागलेले टोमॅटो त्याच दुपारी तोडून घ्या, ते घरात टोपलीत पिकतात. मांडवावरचा दुधी आणि दोडका झाकायच्या भानगडीत मी पडणार नाही. जानेवारीत तो वेल बहुधा सरत आलेला असतो. बियाण्याचं फळ आत आणून ठेवावं आणि तो सोडावा.

कापडाखाली आणखी ऊब

पाण्याचे कॅन कामाला येतात, पण अपेक्षा बेताची ठेवा. काळा रंग दिलेला २० लिटरचा कॅन दिवसभर उन्हात पंचवीस अंशांपर्यंत तापला आणि रात्रभरात दहावर उतरला, तर तो ३०० किलोकॅलरी उष्णता सोडतो. बारा तासांत वाटली तर जुन्या तीस वॉटच्या बल्बाएवढी. उघडा एक चौरस मीटर वाफा निरभ्र रात्री साधारण साठ ते ऐंशी वॉट गमावतो. कापड त्यातला बराच भाग वाचवतं, उरलेल्यासाठी ३ मीटरच्या वाफ्यात तीन-चार कॅन हवेत. एक-एक लिटरच्या दोन बाटल्या ठेवून काही होत नाही. कॅन उत्तरेच्या कडेला ठेवा, म्हणजे दिवसा रोपांवर सावली पडत नाही.

बल्ब लावायचा असेल तर तो जुना तारेचा, ६० वॉटचा हवा. एलईडी उजेड देतो, ऊब नगण्य. होल्डर पाणी न शिरणारा, बल्ब जमिनीपासून वीतभर वर, कापडापासून निदान हातभर लांब, भोवती जाळीचा पिंजरा. ओल्या मातीत जोड दिलेली वायर नको. एवढं सांभाळता येत नसेल तर बल्ब लावूच नका.

शेकोटी आणि तुषार

नाशिककडे थंडीत द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, ते पाहून परसातही ओला पालापाचोळा जाळून धूर करतात. धूर म्हणजे पांघरूण, ही समजूत जुनी आहे. पण जमिनीतून वर जाणारी उष्णता धुराला फारशी अडत नाही. काम करते ती आगीची ऊब, आणि तीही एकराला पुष्कळ लहान-लहान शेकोट्या असतील तेव्हा. एकच मोठा जाळ केला तर त्याची गरम हवा वरचा थर भेदून निघून जाते आणि तिच्या जागी आजूबाजूची गार हवा आत ओढली जाते. घराशेजारी दोन गुंठ्यांत धूर करून शेजाऱ्यांची छाती भरते आणि मिरची करपायची ती करपतेच.

तुषारचंही, म्हणजे फवाऱ्याने पाणी उडवण्याचंही, नीट समजून घ्यायला हवं. पाण्याचा बर्फ होताना ग्रॅममागे ८० कॅलरी बाहेर पडतात, त्या पानाला शून्याखाली जाऊ देत नाहीत. मात्र तेच पाणी वाफ होऊन उडताना त्याच्या साडेसात पट उष्णता ओढून घेतं. तेव्हा तुषार सुरू केला तर पान सतत ओलं राहिलं पाहिजे, आणि सकाळी बर्फ पूर्ण वितळेपर्यंत तो बंद करता येत नाही. पहाटे तीनला वीज गेली की न फवारलेल्या वाफ्यापेक्षा फवारलेल्याचं नुकसान जास्त. घरच्या बागेत याच्या वाटेला जाऊ नका.

कोणाला आधी झाकायचं

कापड कमी पडतंच. पालक, मुळा, गाजर, कोबी, कांदा, लसूण, मोहरी यांना हलकं गोठलेलं दंव सोसतं. पालक आणि गाजर तर थंडीने गोड होतात. मेथी-कोथिंबीर टोकाला लालसर पडते, पण टिकते. फ्लॉवरची पानं टिकतात, गड्डा तपकिरी होतो, म्हणून बाहेरची पानं वर गोळा करून सुतळीने सैल बांधा. वाटाण्याचा पाला तगतो, फुलं आणि कोवळ्या शेंगा जातात.

पहिला मान रोपवाटिकेचा, मग मिरची आणि वांगी, कारण ती पुढे कित्येक महिने देणार असतात. त्यानंतर फुलावरचा टोमॅटो, फरसबी, बटाटा. काकडी, भेंडी, गवार आठ-दहा अंशांनाच आजारतात, त्यांना झाकूनही फार मिळत नाही. परसातली तुळस विसरू नका, ती सगळ्यांच्या आधी काळी पडते. पपईच्या आणि केळीच्या लहान रोपांना भाताच्या पेंढ्याची टोपी करा, आग्नेयेकडची बाजू उन्हासाठी उघडी ठेवून.

डिसेंबर-जानेवारीत युरिया देऊ नका. त्याने येणारी लुसलुशीत पालवी सर्वांत आधी गोठते.

करपल्यावर

सकाळी पान गडद हिरवं, उकडल्यासारखं, पाणी सुटल्यासारखं दिसतं. पेशींमधल्या फटींत बर्फ झालेला असतो आणि त्याने पेशींचं पाणी ओढून घेतलेलं असतं. ते हळूहळू वितळलं तर काही पानं सावरतात, कोवळं ऊन थेट पडून झटक्यात वितळलं तर जातात. म्हणून ज्या वाफ्यावर पूर्वेचं ऊन आधी येतं, तिथे गोणपाटाचा आडोसा दहा वाजेपर्यंत उभा करा. गोठलेल्या पानांना हात लावू नका, त्यांच्यावर गरम पाणी तर मुळीच ओतू नका.

काळी पडलेली पानं लगेच छाटायचा मोह होतो. आठ-दहा दिवस थांबा. ती मेलेली पानं पुढच्या थंड रात्री खालच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून नवी फूट येते त्या जागांना, आडोसा देतात, आणि खरं नुकसान कुठपर्यंत आहे तेही तोवर दिसत नाही. मग खोडावर नखाने हलकं खरवडा. साल निघून आत हिरवं दिसलं तर तिथवर जीव आहे, तपकिरी दिसलं तर खाली सरका. हिरव्याच्या वर बोटभर छाटा. मिरची आणि वांगं बहुधा बुडातून फुटतं, बटाटाही पुन्हा कोंब काढतो. टोमॅटो निम्म्याच्या खाली करपला असेल तर त्यात वेळ घालवू नका, फरसबी तर उपटूनच टाका. नव्या फुटीला दोन-तीन पानं आल्यावरच १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं नत्र-स्फुरद-पालाशचं खत लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात फवारा. त्याआधी खत नको, पाणीही बेताचंच. पानं नाहीत तर झाड पाणी ओढणार कशाने? मुळं मात्र सडतील.

कापड फेब्रुवारीचा मध्य उलटेपर्यंत हाताशी ठेवा. दर सकाळी काढल्यावर दोरीवर वाळवून मगच घडी घाला, ओलं गुंडाळलं तर दोन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि साडी तिथेच फाटते. कामट्या उपटून, टोकाची माती पुसून, मोळी बांधून छताला टांगा. जमिनीवर ठेवल्या तर पावसाळ्यात वाळवी लागते आणि पुढच्या डिसेंबरला नव्या आणाव्या लागतात.